नकार असेल तर लेखी द्या

अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या शिक्षणावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकणारी मुलं असावीत. न्यू जर्सीत चौकशी सुरू केली आणि भेटत गेले ते दुसऱ्याच मुलांचे आईबाप. पाच वर्षांची होऊनही न बोलणारी, वर्गात दहा मिनिटं बसू न शकणारी, तिसरीत जाऊनही वाचता न येणारी ही मुलं. गणपतीत किंवा मंडळाच्या कोजागिरीला त्यांचा विषय सहसा निघत नाही. तो निघतो आठवड्यातल्या एखाद्या रात्री, मुलं झोपल्यावर, झूमवर. तिथेही निम्मे कॅमेरे बंद असतात. तिथे आईबापांची शिकवणी चालते आणि शिकवणारीही अशाच एका मुलाची आई असते.

त्या मूळच्या सोलापूरच्या, व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. मुलगा आता मोठा झाला आहे, त्याचा खासगीपणा जपायचा म्हणून नाव छापू नका म्हणाल्या. सगळे त्यांना ताईच म्हणतात. मुलगा बालवाडीत असताना, शाळेकडून मुलाचा हक्क कसा मिळवायचा, हे त्या स्वतः एका पेरेंट सेंटरमध्ये शिकल्या. आता आपल्या वेळात, एक पैसाही न घेता, ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या कुटुंबांना शिकवतात.

पेरेंट सेंटरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७५ पूर्वी अमेरिकेतली सरकारी शाळा अपंग मुलाला दारातूनच परत पाठवू शकत असे. दहा लाख मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत, अशी नोंद खुद्द तिथल्या संसदेने केली. पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या संघटनेने राज्याला कोर्टात खेचलं, १९७१ मध्ये तडजोडीचा हुकूम मिळवला, पुढच्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधल्या खटल्याचा निकालही मुलांच्या बाजूने लागला. २९ नोव्हेंबर १९७५ ला अध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो आज ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. शिक्षणाचा हक्क मिळाला, पण तो वापरायचा कसा हे पालकांना शिकवणार कोण? त्यासाठी सरकारी पैशावर चालणारी ही केंद्रं उभी राहिली. मिनियापोलिसचं ‘पेसर’ १९७७ चं, न्यू जर्सीचं ‘स्पॅन’ १९८७ चं. आज प्रत्येक राज्यात निदान एक केंद्र आहे. पालकांकडून फी घेतली जात नाही आणि संचालक मंडळात बहुमत अपंग मुलांच्या पालकांचंच असलं पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे.

या केंद्रांत मुलाला कसं शिकवायचं याचे धडे मिळत असतील, अशी माझी समजूत होती. तेही मिळतात. पण ताईंच्या शिकवणीत सर्वांत जास्त वेळ जातो तो एका पत्रावर. त्याला तिकडे ‘प्रायर रिटन नोटिस’ म्हणतात. शाळेने मुलाच्या शिक्षणात काही बदल करायचं ठरवलं, किंवा पालकांनी मागितलेली गोष्ट नाकारली, तर तिने हे पत्र द्यायलाच हवं. मुख्याध्यापकांनी फोनवर गोड शब्दांत सांगितलं म्हणून भागत नाही.

पत्रात काय असावं हेही नियमाने ठरलेलं आहे. शाळा काय करू पाहते किंवा काय नाकारते, का, कोणत्या चाचण्या आणि नोंदींच्या आधारावर, दुसरे कोणते पर्याय विचारात घेतले आणि ते का सोडले, निर्णयामागे आणखी कोणती कारणं होती, पालकांना कोणतं कायदेशीर संरक्षण आहे, आणि हे सगळं समजून घ्यायला मदत कुठे मिळेल. अशा सात गोष्टी. शिवाय हे पत्र पालकांना समजेल अशा भाषेत, शक्य असेल तोवर त्यांच्या मातृभाषेत द्यायचं. म्हणजे मराठीतसुद्धा. बैठकीत पालकांना इंग्रजी समजत नसेल, तर दुभाषा आणणं हीही शाळेचीच जबाबदारी.

पत्र साधं दिसतं, पण सगळी जादू त्या ‘का’मध्ये आहे. एक वडील सांगत होते, मुलासाठी आठवड्यातून तीनदा स्पीच थेरपी मागितली, शाळेने एकदाच देऊ म्हटलं, पण नीट समजावून सांगितलं. ताईंनी विचारलं, “काय समजावलं, ते कागदावर आहे का, दादा?” नव्हतं. “मग उद्या ईमेल करा. भांडू नका, आभार माना आणि लिहा, की तुमचा निर्णय कारणांसह लेखी द्या.” ताईंचा अनुभव असा, की अशा ईमेलनंतर बऱ्याचदा पत्र येतच नाही, दुसऱ्या बैठकीची तारीख येते. माणसांची संख्या कमी आहे हे कारण तोंडी सांगता येतं. सहीशिक्क्यानिशी लिहिणं जड जातं, कारण कायद्याने सेवा मुलाच्या गरजेवर ठरवायच्या असतात.

दुसरा धडा आयईपीचा, म्हणजे त्या एका मुलासाठी बनवलेल्या वर्षभराच्या लेखी आराखड्याचा. तो ठरवणाऱ्या मंडळात आईबाप पाहुणे नसतात, सभासद असतात. ताईंची नोकरी इथे कामी येते. ‘वाचनात प्रगती होईल’ हे वाक्य त्या स्क्रीनवर लाल करून दाखवतात. आज किती शब्द वाचतो, जूनपर्यंत किती वाचावेत, कोण मोजणार, किती दिवसांनी मोजणार, हे नसेल तर ते उद्दिष्ट नव्हे, शुभेच्छा आहे, असं त्या म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या खटल्यात एकमताने सांगितलं, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाची परिस्थिती पाहता जी प्रगती योग्य, ती साधेल असाच आराखडा हवा. हा निकाल ताई प्रत्येक नव्या पालकाला सांगतात.

त्याच आयईपीत आणखी एक कलम घालता येतं, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. पालकांचं समुपदेशन आणि प्रशिक्षण ही मुलाला मिळणाऱ्या सेवांपैकीच एक मानली जाते. मुलगा शाळेत चित्रं दाखवून पाणी मागायला शिकला, तर घरी तीच पद्धत कशी चालवायची हे आईला शिकवणं शाळेच्या यादीत बसतं. मागणारा हवा.

हे मागणंच आपल्याला जमत नाही, असं ताईंचं निदान. मास्तरांसमोर मान खाली घालून उभी राहिलेली आपली पिढी. तिकडची शाळा चकचकीत, शिक्षिका हसतमुख, मुलासाठी बस दाराशी येते. मग आणखी काय मागायचं? शिवाय अनेकांना भीती, की तक्रार केली तर व्हिसावर परिणाम होईल. होत नाही. सरकारी शाळेचं दार मुलाच्या व्हिसावर अवलंबून नाही, हे १९८२ पासून ठरलेलं आहे, आणि विशेष शिक्षण घेतल्याने ग्रीन कार्डच्या अर्जात कुटुंब सरकारवर ओझं ठरत नाही.

मात्र या शिकवणीची ताकद पाहून जितका हरखलो, तितकाच तिच्या मर्यादांनी अस्वस्थ झालो. पहिली मर्यादा उघड आहे. ज्याच्याकडे वेळ आणि इंग्रजी आहे, त्यालाच ही पत्रं लिहिता येतात. न्यू जर्सीत मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे तपासण्याची लेखी विनंती मिळाल्यावर शाळेला सुट्ट्या वगळून २० दिवसांत बैठक घ्यावी लागते, पण घड्याळ सुरू होतं ते लेखी विनंतीनेच. गॅस स्टेशनवर दोन पाळ्या करणारा बाप तोंडी विचारतो आणि वर्ष निघून जातं. प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं, तर वकिलाची फी वेगळीच. आपला आराखडा योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार न्यू जर्सीने २००८ मध्ये शाळेवर टाकला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

दुसरी अडचण वयाची. न्यू जर्सीत ज्या शालेय वर्षात मूल २१ वर्षांचं होतं, त्या वर्षाअखेर शाळा संपते. पुढच्या राज्यसेवांसाठी मेडिकेड ही सरकारी आरोग्ययोजना लागते आणि व्हिसावरच्या कुटुंबांना ती सहसा मिळत नाही. त्यातच आईबापांच्या व्हिसावर आलेल्या मुलाचा आश्रित दर्जाही २१ व्या वाढदिवशी संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकांची. म्हणजे जिथे सतरा-अठरा वर्षं एकेक कौशल्य मोजून शिकवलं, तिथेच मुलाला राहण्याचाही हक्क उरत नाही. यावर कुठलंही पत्र चालत नाही. ताई इथे गप्प बसतात आणि इमिग्रेशन वकिलाकडे मूल १५-१६ वर्षांचं असतानाच जा, एवढंच सांगतात.

तिसरी अडचण पैशाची, आणि सध्या तीच सर्वांत मोठी आहे. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चापोटी केंद्र सरकार ४० टक्क्यांपर्यंत भार उचलेल, असं १९७५ मध्ये ठरलं होतं. अलीकडच्या वर्षांत ते १५ टक्क्यांच्याही खाली राहिलं आहे. देशभरच्या पेरेंट सेंटरांसाठी वर्षाला जेमतेम ३.३ कोटी डॉलर मिळतात. विशेष शिक्षण घेणारी मुलं २०२२-२३ मध्येच सुमारे ७५ लाख होती. भागून पाहा: मुलामागे वर्षाला साडेचार डॉलरही नाहीत. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी शिक्षण खातं गुंडाळण्याच्या दिशेने आदेश काढला. त्यांच्या सरकारच्या अंदाजपत्रकात या केंद्रांचा स्वतंत्र निधी राज्यांच्या अनुदानात मिसळून टाकायचा प्रस्ताव आला. ऑक्टोबरमध्ये विशेष शिक्षण पाहणाऱ्या विभागातल्या कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा गेल्या, न्यायालयाला त्या थांबवाव्या लागल्या. कायदा संसदेचा आहे, तो आदेशाने रद्द होत नाही. पण तो वापरायला शिकवणारं कुणी उरलं नाही, तर कायदा पुस्तकात राहतो आणि मूल वर्गाबाहेर.

आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तरीही ‘आमच्याकडे सोय नाही’ हे वाक्य अजून तोंडीच ऐकवलं जातं आणि आईबाप ते ऐकून घरी येतात. तुमच्या मुलाच्या, भाच्याच्या, शेजारच्या मुलाच्या बाबतीत ते पुन्हा ऐकलंत, तर एवढं करा: अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख घाला, पोच घ्या, आणि नकार असेल तर कारणासह लेखी मागा.