उंदीर फसला, गोष्ट टिकली

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासाच्या मालिकेतली ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ ही १९७७ची सहा भागांची कथा. टॉम बेकरचा डॉक्टर इथे शेरलॉक होम्सची टोपी घालून धुक्यातल्या व्हिक्टोरियन लंडनमध्ये उतरतो. नाट्यगृह, गायब होणाऱ्या मुली, गटारातला महाकाय उंदीर आणि ५१व्या शतकातून पळून आलेला युद्धगुन्हेगार मॅग्नस ग्रील. लेखक रॉबर्ट होम्स यांनी एवढा मसाला एकाच पातेल्यात घातला, आणि तो जमलाही!

उंदीर मात्र जमला नाही. भीती वाटण्याऐवजी आत माणूस आहे हेच आधी दिसतं.

पण तो दोष हसण्यावारी नेता येतो. दुसरा नाही. ली सेन चँग हा चिनी जादूगार जॉन बेनेट या गोऱ्या ब्रिटिश नटाने रंगरंगोटी करून साकारला आणि कथेतले बहुतेक चिनी लोक गुंडच आहेत. चिनी समाजाच्या आक्षेपानंतर कॅनडातल्या टीव्हीओंटारिओ वाहिनीने ही कथा दाखवलीच नाही. आक्षेप रास्त होता. ‘काळच तसा होता’ म्हणून तो झटकता येत नाही.

तरी चाहते परततात ते मुख्यतः संवादांसाठी. बडबड्या नाट्यगृहचालक जॅगो आणि सभ्य प्रोफेसर लाइटफूट यांची जोडी तर इतकी रंगली की २०१०पासून बिग फिनिश या कंपनीने त्यांची स्वतंत्र श्राव्यमालिका काढली. आणि कथेतला भयंकर बाहुला, मिस्टर सिन? त्याच्या वेशात होता नैरोबीत जन्मलेला भारतीय वंशाचा डीप रॉय, ज्याने पुढे २००५च्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त सगळे ऊम्पा-लूम्पा एकट्याने साकारले.