मोगऱ्याची रात्र आणि बाटलीतला दिवस

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. फेब्रुवारी १९५९ मध्ये याच जिल्ह्यात सोव्हिएत मदतीने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातली मराठी घरं इकडे येत राहिली. येताना त्यांनी चैत्रातलं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आणलं, त्याबरोबर पांढऱ्या फुलांचा वासही. आज भिलाईच्या वैशाली नगरातल्या दुकानांत सौम्य पांढऱ्या फुलांचं म्हणून जे सेंट मिळतं, ते त्या वासापासून बरंच दूर गेलं आहे.

मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते. सातला माळलेला गजरा नऊला भरात येतो. मध्यरात्रीकडे त्याचा वास जड होतो, गोडसर आणि किंचित कुजकट. हा कुजकटपणा इंडोलचा. हेच द्रव्य विष्ठेतही असतं, पण फुलात ते अगदी थोडं असतं आणि सुगंधाला अंग देतं. मोगऱ्याचा खरा मोठेपणा मला या बदलत जाण्यात दिसतो.

अत्तराने हा वास टिकाऊ केला. कनौजची जुनी रीत अशी: तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, आणि त्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल. फुलाचा वास चंदनात मुरतो. हळदीकुंकवाला मनगटावर लावलेलं बोट दुसऱ्या दिवशीही मंद दरवळायचं, ते या चंदनामुळे. चंदन महागलं, आधाराला स्वस्त तेलं आली, आणि तो रेशमी शेवट गेला.

युरोपात पांढऱ्या फुलांचे दोन रस्ते झाले. १९४८ मध्ये जर्मेन सेलिये यांनी ‘फ्राका’ केलं: निशिगंधाचा दणदणीत सुगंध, खोलीभर पसरणारा. १९५६ मध्ये एदमों रुदनित्स्का यांनी ‘दिओरिसिमो’ केलं आणि सौम्यतेची वाट दाखवली. त्यातलं मुख्य फूल लिली ऑफ द व्हॅली, ज्याच्यातून कामापुरतं तेल निघतच नाही. सगळा भास इतर द्रव्यांतून रचलेला. त्यांनीच १९६६ मध्ये ‘ओ सोवाज’मध्ये हेडिओन वापरलं. हे जाईच्या जातीचं, पण हवेसारखं हलकं द्रव्य. पुढच्या सौम्य सेंटांचा कणा हाच झाला: इंडोल काढून घ्यायचं, मधे हेडिओन ठेवायचं, तळाला धुतलेल्या कपड्यांसारखा पांढरा मस्क. लिलीचा भास देणारं लिलिअल मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून बंद झालं, तेव्हा कित्येक जुन्या बाटल्यांचं सूत्रही बदलावं लागलं.

भिलाईच्या मे महिन्यात अशा सौम्य सेंटाची खरी परीक्षा होते. पारा पंचेचाळिसाकडे गेला की अल्कोहोल झटकन उडतं, वरचे लिंबूवर्गीय वास काही मिनिटांत संपतात, आणि कोरड्या त्वचेवर फुलंही टिकत नाहीत. दुपारपर्यंत उरतो तो मस्क, म्हणजे केवळ स्वच्छता. तीच बाटली डिसेंबरात संध्याकाळपर्यंत सोबत करते. उन्हाळ्यात अंगाला आधी थोडं तेल किंवा लोशन लावावं, किंवा सुती पदराच्या आतल्या बाजूला फवारावं. कापडावर तो वास त्वचेहून जास्त टिकतो. रेशमावर मात्र डाग पडू शकतो.

सौम्य सेंटाला मी नाकं मुरडत नाही. दाटीच्या बसमध्ये, बंद ऑफिसात, दवाखान्यात शेजारच्याला त्रास न देणं ही मोठी सोय आहे. पण मोगऱ्यासारखं बदलत न जाणारं फूल मला अपुरं वाटतं. १९९९ मध्ये सेर्ज ल्युतांस यांच्या नावाने आलेल्या ‘ट्युबेरूझ क्रिमिनेल’ने निशिगंधाचा काळोखा, औषधी भाग मुद्दाम पुढे आणला. त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत अनेकजण दचकतात. आपल्याकडच्या सेंट बनवणाऱ्यांनी मोगऱ्यातलं इंडोल थोडं राहू द्यावं, आणि खाली मस्काऐवजी खरं चंदन घालावं. ते महाग पडेल. त्याची छोटी बाटली करावी.