पहाटे 4 ते 12

पहाटे 3:45. गळीत हंगाम ऐन भरात आहे. गव्हाणीपासून उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. तेव्हापासून अहिल्यानगर जिल्ह्यातला हिवाळा असाच जागा असतो. माझी नजर मात्र आधी धुराड्याकडे जाते. धूर काळा नाही, म्हणजे बगॅस, उसाचा चोथा, नीट जळतोय.

4:00. बॉयलरचा चार्ज घेतला. दाब 87 किलो, वाफ 515 अंश. ड्रममधली पाण्याची पातळी पडद्यावर दिसते, तरी आमचे जुने अटेंडंट मामा जिना चढून गेज ग्लास डोळ्यांनी बघून येतात. मला ते पटतं. या दाबाला पाणी सुमारे 300 अंशांना उकळतं आणि त्याच तापमानाच्या वाफेपेक्षा ते पंधरापट जड असतं. एवढ्या फरकावरच आमचं अभिसरण चालतं. जड पाणी बाहेरच्या नळ्यांतून खाली येतं आणि भट्टीच्या भिंतीतल्या नळ्यांतून बुडबुडे घेऊन वर चढतं. त्यासाठी वेगळा पंप लागत नाही. समोर हजार अंशांच्या आसपासचा जाळ असूनही पोलाद टिकतं, कारण वाहतं पाणी त्याच्या अंगची उष्णता घेऊन जात असतं.

5:30. प्रयोगशाळेतून फोन आला: रस आटवणाऱ्या एका बॉडीच्या कंडेन्सेटमध्ये साखर. अल्फा नॅप्थॉलच्या चाचणीत जांभळं कडं दिसलं होतं. ते पाणी ताबडतोब फीड टाकीकडून वळवून गटारात सोडलं. साखर ड्रममध्ये गेली तर पाणी आम्लधर्मी होतं, फेसाळतं आणि नळ्यांच्या आत कोळशाचा थर बसतो. थराखालच्या पोलादापर्यंत पाण्याचा गारवा पोचत नाही. ड्रममधलं पाणी बाहेर सोडणारा ब्लोडाऊन थोडा वाढवला.

8:00. चहा. पॉलिटेक्निक करून आलेल्या शिकाऊ मुलाने विचारलं, "साहेब, सोलापूरच्या एनटीपीसीच्या बॉयलरला ड्रमच नाही म्हणतात. मग पातळी बघायची कुठं?"

तिथले 660 मेगावॅटचे दोन्ही संच सुपरक्रिटिकल आहेत. दाब 221 बारच्या वर गेला की पाणी उकळतच नाही. बुडबुडा नाही, पृष्ठभाग नाही, म्हणून पातळीही नाही. पंपाने ढकललेलं पाणी नळीत तापत जातं आणि पुढे वाफेसारखं होऊन बाहेर पडतं. पण हा बदल सावकाश होत नाही. 250 बारला 350 अंशांवर घनमीटरमागे सुमारे 625 किलो भरतात, 400 अंशांवर जेमतेम 166. मध्ये 385 अंशांच्या आसपास पाण्याची उष्णता पिण्याची भूक एकदम वाढते. आच बेताची आणि प्रवाह जोरकस असेल, तर तिथं भिंत उलट अधिक चांगली थंड होते.

"मग सोपंच की," तो म्हणाला.

तसं नाही. आच जास्त आणि प्रवाह मंद असेल, तर उभ्या नळीत भिंतीलगतचा थर आधी हलका होतो आणि वर पळू लागतो. त्यामुळे त्याच्यातली आणि मधल्या पाण्यातली ओढाताण कमी होते, घुसळण मंदावते. मधलं थंड पाणी भिंतीपर्यंत येतच नाही आणि पोलादाचं तापमान उसळतं. उकळणं नसलं तरी नळी जळू शकते. म्हणून अशा बॉयलरांत कुठं नळ्या भट्टीभोवती तिरप्या गुंडाळतात, कुठं आतून पीळदार खाचा देतात, आणि नळीच्या धातूचं तापमान डोळ्यांत तेल घालून बघतात. आपल्या गेज ग्लासची जागा तिथं त्या आकड्यांनी घेतली आहे. मला या विषयाचं विलक्षण आकर्षण आहे. चहा निवला.

9:40. मिल चोक झाली. वाफेची मागणी पडली, दाब चढला, ड्रममधले बुडबुडे आकसले आणि पातळी झपकन खाली गेली. शिकाऊ मुलगा फीड व्हॉल्व्हकडे धावला. मामांनी त्याला दंडाला धरून थांबवलं, "थांब पोरा, पाणी कुठं गेलेलं नाही." आधी बगॅसचे फीडर कमी केले. मिल सुरू झाल्यावर पातळी आपणहून वर आली.

11:00. सूट ब्लोइंग. इकॉनॉमायझरच्या नळ्यांवरची राख उडवली, चिमणीकडे जाणाऱ्या वायूचं तापमान उतरलं.

12:00. चार्ज दिला. लॉगबुकात लिहिलं: वळवलेलं कंडेन्सेट अजून गटारातच आहे, लागोपाठ नमुने स्वच्छ आल्याशिवाय फीड टाकीत घेऊ नये.