साखरमुक्त कल्प आणि रुग्णाचे सात्म्य
उसाच्या सोलापूर जिल्ह्यातही मधुमेही रुग्ण साखरमुक्त च्यवनप्राश व मिठाई मागतात. मात्र त्यांतील मधुरद्रव्ये सर्वांना सारखी मानवत नाहीत. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल लहान आतड्यात अपुरे शोषले जातात, पाणी ओढतात व मोठ्या आतड्यात आंबतात. त्यामुळे काहींना १० ग्रॅम सॉर्बिटॉलनेही आध्मान होते. मात्रा वाढल्यास द्रवमलप्रवृत्ती होते. मृदुकोष्ठी रुग्णात हीच लक्षणे ग्रहणीची समजली गेल्यास चिकित्सा चुकते. शिवाय माल्टिटॉलने रक्तशर्करा काही अंशी वाढतेच. ॲस्पार्टेम फेनिलकीटोन्युरियात वर्ज्य आहे. म्हणून वैद्यांनी प्रश्नपरीक्षेत या पदार्थांची चौकशी करावी, अल्पमात्रेने सात्म्य पाहावे. औषधविक्रेत्यांनी वेष्टनावरील घटक ग्राहकास वाचून दाखवावेत.