मोठ्या माणसांचं एडीएचडी: दरेकशाहून तपासणीला जाताना

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेलगतचं गाव. इथल्या एखाद्या प्रौढाला आपल्याला एडीएचडी, म्हणजे बेध्यानपणा आणि अतिचंचलतेचा विकार, असावा अशी शंका आली, तर रेल्वेने गोंदिया गाठून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञांची चौकशी करावी. जमल्यास आईला किंवा थोरल्या भावाला सोबत न्यावं, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकंही. हे निदान रक्त तपासून किंवा स्कॅन काढून होत नाही, सविस्तर बोलण्यातून होतं. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसत होती का, घरी आणि कामावर दोन्हीकडे अडतं का, हे डॉक्टर खोदून विचारतात. बेध्यानपणाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी मुलांमध्ये सहा लागतात, 17 वर्षांपासून पुढे पाच पुरतात. अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, दारू यांनीही लक्ष उडतं. म्हणून मोबाइलवरची प्रश्नावली भरून स्वतःच निष्कर्ष काढू नये.

औषधांचं आधी विचारून घ्यावं. मिथाइलफेनिडेटवर कायद्याचं कडक नियंत्रण आहे, ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. लिहून दिलेलं औषध कुठे मिळेल, पुन्हा कधी यायचं, हे दवाखाना सोडण्यापूर्वीच लिहून घ्या.

मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनो, कृपा करून त्या माणसाला आळशी म्हणणं थांबवा. कामं भिंतीवर लिहा, एका वेळी एकच सांगा, सुरुवातीला शेजारी बसा.