मागच्या चाकांना दोन-दोन शॉक अॅब्सॉर्बर : कशासाठी आणि कसे?

खडकाळ, चिखलाच्या वाटांवर जीप घेऊन जाण्याचा छंद शहरी मंडळींमध्ये चांगलाच रुजला आहे आणि त्यामागोमाग गाडीत फेरफार करण्याची हौसही आली आहे. मागच्या प्रत्येक चाकापाशी एकाऐवजी दोन शॉक अॅब्सॉर्बर बसवणे, हा त्यातलाच एक प्रकार. दोन शॉक म्हणजे गाडी दुप्पट मजबूत आणि दुप्पट भार पेलणारी, अशी समजूत यामागे बहुतेक वेळा असते. ती मुळातच चुकीची आहे.

गाडीचा भार पेलतात त्या स्प्रिंगा किंवा पाटे. शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘शॉकअप’, भार पेलत नाही. तो स्प्रिंगचे उसळणे आवरतो. त्याच्या नळकांड्यातला दट्ट्या तेलातून वरखाली सरकतो, तेल बारीक छिद्रांमधून आणि झडपांमधून वाट काढते आणि उसळीतल्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता शॉकच्या बाह्यांगावरून हवेत जाते. धक्के लागोपाठ बसू लागले आणि उष्णता तितक्या वेगाने बाहेर पडली नाही, तर तेल पातळ होते, फेसाळते आणि शॉक निकामी झाल्यासारखा वागू लागतो.

दोन शॉक बसवण्याची खरी गरज या उष्णतेतून निर्माण झाली. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ साली तिहुआना ते ला पास अशी वाळवंटी शर्यत सुरू झाली. अशा शर्यतींत गाड्या तासन्‌तास भरधाव धावतात आणि चाके क्षणभरही स्थिर नसतात. त्या काळचे शॉक लहान असल्याने एकाचे काम दोघा-तिघांत वाटून द्यावे लागे. पुढे मोठ्या व्यासाचे, तेलासाठी वेगळी टाकी असलेले शॉक आले आणि ही गरज कमी झाली. आजच्या शर्यती ट्रकांच्या मागच्या चाकापाशीही अनेकदा दोन शॉक दिसतात, पण त्यांतला एक स्प्रिंग सांभाळतो आणि दुसरा मुख्यतः उसळी आवरतो.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. सह्याद्रीतल्या चिखलाच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असते. तेथे शॉक तापण्याचा प्रश्न क्वचितच येतो. तेथे लागते ती चाकाला वरखाली होण्याची मोकळीक आणि दुसरा शॉक ती वाढवत नाही, चुकीचा निवडला तर कमीच करतो. मूळ शॉकशेजारी तसाच दुसरा बसवला की अवरोध दुप्पट होतो. खड्ड्यातून वर आलेले चाक पुढच्या खड्ड्यापूर्वी खाली पोहोचत नाही आणि जमिनीवरची पकड सुटते. पकड सुटली की ब्रेकही लागत नाही आणि उतारावर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून दोन बसवायचेच असतील, तर दोन्ही मऊ झडपांचे हवेत, म्हणजे त्यांची बेरीज योग्य होईल.

या बेरजेत कोनाचाही वाटा असतो. उभ्या शॉकचा पूर्ण परिणाम मिळतो. तो ३० अंश कलला की सुमारे तीन चतुर्थांश उरतो आणि ४५ अंशांवर निम्माच. म्हणजे ४५ अंशांत आडवे केलेले दोन शॉक एका उभ्या शॉकइतकेच काम करतात. जागा नाही म्हणून शॉक आडवे करणारे कारागीर हा हिशेब सहसा करत नाहीत.

२०१० ते २०२० या काळात विकल्या गेलेल्या थारला किंवा जुन्या जीपला मागे अखंड अॅक्सल आणि पाटे आहेत. (२०२० च्या नव्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिचा विचार वेगळा करावा लागेल.) जोराने अॅक्सिलरेटर दाबला की असा अॅक्सल स्वतःभोवती पिळतो, पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो आणि चाक थडथडते. एक शॉक अॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला तर या थडथडण्याला आळा बसतो. संथ वाटांवरही दुसऱ्या शॉकचा खरा लाभ असेल तर तो हाच.

बसवण्यापूर्वी मोजमाप अपरिहार्य आहे. पाट्यांचा ताण काढून अॅक्सल जॅकने रबरी बम्प स्टॉपला टेकेपर्यंत वर न्यावा आणि दोन्ही टोकांतले अंतर मोजावे. मग चाक पूर्ण लोंबते सोडून पुन्हा मोजावे. शॉक दोन्ही टोकांना निदान इंचभर शिल्लक राहील असा निवडावा. बम्प स्टॉपआधी शॉकच टेकला, तर सारा आघात दट्ट्याच्या दांड्यावर आणि ब्रॅकेटवर येतो. एक चाक वर आणि दुसरे खाली, अशा तिरक्या स्थितीतही ब्रेकची नळी, सायलेन्सर आणि टायर शॉकला घासत नाहीत ना, हे पाहावे.

वरचे ब्रॅकेट पातळ पत्र्यावर नव्हे, चॅसीच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या भक्कम आडव्या दांड्यावर हवे. बोल्टला एकाच बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी आधार हवा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. लोंबत्या अॅक्सलवर आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. चॅसीला जोडकाम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा केलेली बरी, अन्यथा विम्याच्या दाव्यातही वाद उद्भवू शकतो.

पहिल्या खडबडीत फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि चारही मागच्या शॉकजवळ हात नेऊन पाहावा. (लगेच पकडू नये, ते चांगलेच तापलेले असतात.) जोडीतला एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड शॉक काम करत नाही, असे समजावे.