पोहणे केवळ उपजत नसते

‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. माणसाच्या बाबतीत हे वचन कितपत खरे आहे, याविषयी थोडाफार वाद होऊ शकेल. पण कुत्र्याच्या बाबतीत ते हमखास खरे आहे, अशी बहुतेकांची ठाम समजूत असते. कुत्रा हा उपजत पोहणारा प्राणी, त्याला शिकवायचे ते काय, असे मानून उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत किंवा तलावात त्याला ढकलून देण्याचा खेळ मोठ्या हौसेने चालतो. बिचारा धडपडत काठाला लागला, तर समजूत खरी ठरते. न लागला, तर बोल त्याच्या दैवाला लावला जातो. या समजुतीत सत्याचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु अर्धसत्याचा भरवसा पाण्यापाशी धरणे धोक्याचे असते.

सत्याचा अंश तो एवढाच की, पाण्यात पडताच बहुतेक कुत्री आपोआप पाय मारू लागतात. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ फ्रँक फिश यांनी लहानमोठ्या निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांच्या पोहण्याचे चित्रण करून त्याचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2014 साली पुढे आले. पोहणाऱ्या कुत्र्याच्या पायांची हालचाल जमिनीवरच्या दुडक्या चालीशी पुष्कळशी जुळते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, कुत्रा पाण्यात नवे असे फारसे काही करीत नाही. जमिनीवरची ओळखीची चालच तो तेथे चालू पाहतो. पण पाय मारणे वेगळे आणि पोहणे वेगळे. पोहण्यासाठी शरीर पाण्याला समांतर राहावे लागते, श्वासाची लय सांभाळावी लागते आणि बाहेर पडण्याची वाट सापडावी लागते. घाबरलेल्या कुत्र्याला यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. तो मान आणि छाती उंच करून पुढच्या पायांनी पाणी बडवू लागतो. पुढचे अंग वर गेले की मागचे खाली जाते आणि शरीर जवळजवळ उभे होते. अशा स्थितीत कितीही पाय मारले, तरी पुढे सरकता येत नाही. थोड्याच वेळात बळ मात्र सरते.

काही जातींच्या बाबतीत तर देहाची घडणच पोहण्याच्या आड येते, आणि ही घडण माणसानेच केलेली आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना जाळी ओढण्याच्या कामी मदत करणारा त्याच नावाचा कुत्रा पाहावा: बोटांमध्ये पडदा, पाणी अंगात मुरू न देणारे दुपदरी केस आणि दणकट बांधा. लॅब्रेडॉरचे मूळही त्याच किनाऱ्यावरचे. याउलट बुलडॉग मुळात बैलांशी झुंजविण्यासाठी वाढविला गेला. ब्रिटनमध्ये 1835 च्या कायद्याने ती झुंज बंद झाली. पुढे केवळ रूपाच्या हौसेपायी त्याचे डोके अधिक मोठे आणि तोंड अधिकाधिक चपटे होत गेले. डॅक्सहुंडचे पाय आखूड ठेवले गेले, ते बिळात शिरून शिकार करता यावी म्हणून. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला नाक पाण्याबाहेर ठेवायचे, तर मान फारच उंच करावी लागते, आणि मान उंच झाली की मागचे अंग बुडते. शिवाय त्याचा श्वास जमिनीवरच अपुरा पडतो, तेथे पाण्यातील श्रमांची काय कथा! महाराष्ट्रातील शहरांतही 2003 च्या सुमारास गाजलेल्या दूरध्वनीच्या एका जाहिरातीनंतर पग घरोघरी दिसू लागले. जाहिरात पाहून कुत्रा आणणाऱ्यांपैकी कितीजणांनी या अडचणीचा विचार केला असेल?

मग अशा कुत्र्यांना पाण्यापासून कायमचे दूरच ठेवावे काय? तसे मुळीच नाही. आपल्या खेड्यांत मुलांना पोहायला शिकविताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधतात आणि जाणते माणूस बरोबर पाण्यात उतरते. या रीतीतले शहाणपण कुत्र्यालाही तंतोतंत लागू पडते. भोपळ्याच्या जागी पाठीवर मूठ असलेले, नेमक्या मापाचे जीवरक्षक जाकीट असावे. सुरुवात उथळ, उबदार आणि संथ पाण्यात व्हावी. कुत्र्याने आपल्या पायांनी, आपल्या इच्छेने आत यावे. पाय सुटतील इतके पाणी आले की पोटाखाली हात धरून मागचे अंग उचलून धरावे, म्हणजे शरीर आडवे होते आणि मागचे पाय कामाला लागतात. हा आधार हळूहळू कमी करीत न्यावा. पहिले धडे दोन-चार मिनिटांचेच असावेत. पायरी किंवा उतार कोठे आहे, हे प्रत्येक वेळी त्याला पुन्हा पुन्हा दाखवावे. कारण पोहता येणारे कुत्रेही बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने दमून बुडते. धाप लागली किंवा मागचे अंग खाली जाऊ लागले, की धडा तेथेच थांबवावा. खेळताना पोटात फार पाणी गेले, तर रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरून जिवावर बेतू शकते. उलटी होऊ लागली किंवा झोक जाऊ लागला, तर तातडीने पशुवैद्य गाठावा. आणि बुलडॉग किंवा पग यांनी गुडघाभर पाण्यात डुंबून समाधान मानले, तर त्यात कमीपणा कसला?

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही शासकीय योजना आली आणि शेततळ्यांच्या प्रसाराला वेग मिळाला. त्यांपैकी अनेक तळ्यांत पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्याच्या उतारावर शेवाळ धरले की उत्तम पोहणाऱ्या कुत्र्यालाही वर चढता येत नाही. नखे घसरत राहतात. कुत्र्याचे जे होते, तेच खेळता खेळता आत पडलेल्या मुलाचेही होते. तळ्याला कुंपण घालणे आणि काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला दोर, जाळे किंवा शिडी सोडून ठेवणे, याला फारसा खर्च येत नाही.

ढकलून दिलेला एखादा जीव तरून जातोही. पण त्या यशाचे श्रेय ढकलणाऱ्याचे नव्हे. जो तरला, त्याच्याही मनात पाण्याची धास्ती पुष्कळदा कायमची घर करते आणि धन्यावरचा विश्वास उणावतो. वर्गात मुलांना शिकविणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. भीतीने अंग ताठरते, आणि ताठरलेले अंग पाण्यावर नीट तरंगत नाही. कुत्र्याला पोहणे शिकवायचे असेल, तर धन्याने आधी स्वतः पाण्यात उतरावे, हेच बरे.